पुस्तकाशेजारी घरटे : प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयातील कृतिसत्रे

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयातील कृतिसत्र म्हणजे पुस्तकातील एखादी गोष्ट मुलांनी हाताळावी, करून पाहावी, तपासावी आणि तपासता तपासता पुन्हा पुस्तकाकडे यावे, असा बेत. यातला शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी गळतो. गोष्ट वाचून होते, मुलांना कागद आणि रंग मिळतात, चित्रे भिंतीवर लागतात आणि पुस्तक कपाटात जाते. हा चित्रकलेचा तास झाला. तोही हवाच, पण त्यासाठी ग्रंथालय लागत नाही. ग्रंथालयातल्या कृतीत हातातली वस्तू असा प्रश्न उभा करते, की त्याच्या उत्तरासाठी पुस्तक उघडावेच लागते. आणि पुस्तकात असे काही सापडते, की ते पडताळायला वस्तूकडे परत यावे लागते. विषय निवडताना हीच कसोटी लावावी. जो विषय या कसोटीला उतरत नाही, तो कितीही आकर्षक असला तरी वर्गासाठी ठेवावा.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे नमूद आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पुस्तके थोडी असली तरी असतात. अडचण असते ती कुलपाची. पुस्तक फाटले किंवा हरवले तर ते डेडस्टॉक रजिस्टरमध्ये कमी भरणार आणि जाब शिक्षकाला द्यावा लागणार, या धास्तीने कपाट बंद राहते आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला तेवढे उघडते. ही धास्ती खोटी नाही. म्हणून कोणताही उपक्रम सुरू करण्याआधी तिचा बंदोबस्त करावा. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) वर्षभरात वाचायला दिलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ पुस्तकांची घट, ती अप्रामाणिकपणाने किंवा हलगर्जीने झालेली नसेल तर, वाजवी मानली आहे. हे नियम जिल्हा परिषदेच्या शाळेला थेट लागू होत नसले तरी मोजमाप म्हणून उपयोगी आहेत. ते समोर ठेवून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वर्षाच्या सुरुवातीलाच विषय मांडावा, फाटक्या पुस्तकांच्या निर्लेखनाची रीत ठरवून घ्यावी आणि ठराव इतिवृत्तात नोंदवावा. कागदावर एवढे झाले की शिक्षकाचा हात मोकळा होतो. ही पायरी गाळून घातलेले रंगीत कोपरे सहा महिन्यांत पुन्हा कुलपात गेलेले दिसतात.

जागा मोठी लागत नाही. स्वतंत्र खोली नसेल तर व्हरांड्याचा एक भाग, दोन सतरंज्या आणि मुलांच्या छातीच्या उंचीवर आडवी बांधलेली सुतळी पुरते. सुतळीवर पुस्तके मधोमध उघडून टांगली की मुखपृष्ठ दिसते. कणा दाखवत उभ्या राहिलेल्या पातळ चित्रपुस्तकांकडे पहिली-दुसरीचे मूल वळत नाही. एक सतरंजी पुस्तकांची आणि एक कामाची, असे दोन भाग पाडावेत. पाणी, माती, खळ कामाच्या सतरंजीवरच राहील आणि तिथून पुस्तकांकडे जाताना हात धुवून पुसायचे, एवढा एकच नियम ठेवावा. हात पुसायला जुने पंचे त्या दोन सतरंज्यांच्या मध्येच टांगावेत. लांब ठेवले तर नियम मोडतो.

वेळेच्या बाबतीत मात्र काटकसर चालत नाही. ३५-४० मिनिटांच्या एका तासिकेत मुले जेमतेम साहित्य हातात घेतात आणि घंटा होते. दोन तासिका जोडून घ्याव्यात. शनिवारची सकाळ त्यासाठी सोयीची. द्विशिक्षकी शाळेत वर्गजोड असतेच. तिथे पहिली ते चौथीची मुले एकत्र बसवून प्रत्येक गटात एक तरी वाचू शकणारे मूल येईल, अशी पाच-पाच जणांची वाटणी करावी. पाचाहून मोठ्या गटात दोन मुले काम करतात आणि बाकीची बघतात.

साहित्य विकत आणण्याचा मोह टाळलेला बरा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ यांनी ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढवले. त्या कामात मॉण्टेसरीच्या महागड्या साधनांची जागा पाने, बिया, शंख-शिंपले, दगड यांनी घेतली. त्यामागे पैशाची चणचण होती, तशीच एक शैक्षणिक जाणही होती: ओळखीची वस्तू हातात आली की मूल बोलते. ग्रंथालयात तर बोलणे फार महत्त्वाचे, कारण बोललेलेच पुढे वाचले आणि लिहिले जाते. टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांच्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर खुले केले आहेत. विषयाचे साहित्य जमवताना या दोन ठिकाणी आधी शोधावे.

एक सत्र पूर्ण कसे चालते, हे सुगरणीच्या घरट्यावरून पाहता येईल. हा विषय दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावा. सुगरण पावसाळ्यात घरटी विणते. शिंदी, ताड, बाभूळ किंवा विहिरीवर झुकलेले झाड ही तिची आवडती ठिकाणे. हंगाम संपला की वाऱ्याने काही घरटी खाली पडतात. फक्त अशीच, पडलेली आणि रिकामी घरटी गोळा करावीत. झाडावरचे घरटे रिकामे दिसले तरी काढू नये आणि हे मुलांना कारणासह सांगावे. घरटे दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावे. त्याच्या जोडीला पक्ष्यांवरची सात-आठ पुस्तके काढून ठेवावीत: दोन गोष्टीची, तीन-चार माहितीची, एखादा कवितासंग्रह आणि ‘किशोर’चा एखादा अंक.

सुरुवात मोठ्याने वाचण्याने करावी, आणि पुस्तक वाचणाऱ्याच्या छातीशी उलटे धरावे, म्हणजे चित्र मुलांकडे राहते. वाचन दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नये. मग एकेका गटाला घरटे द्यावे आणि सूचना एकच द्यावी: डोळ्यांना दिसत नाही पण हाताला कळते, असे तीन शोध लावा. घरटे किती हलके आहे, आत जायचा रस्ता खालून आहे, गवताचे टोक ओढले तरी सुटत नाही, असे शोध मुले लावतात. आत बोट घालणाऱ्याला बहुधा वाळलेल्या चिखलाचे गोळे लागतात. गावोगावी सांगितले जाते की सुगरण त्या चिखलात काजवे बसवते आणि रात्री घरट्यात उजेड करते. कोणी ना कोणी मूल हे सांगतेच. तेव्हा शिक्षकाने हो किंवा नाही म्हणू नये. हातातल्या घरट्यात चिखल सापडला, काजवा सापडला का, एवढेच विचारावे आणि माहितीच्या पुस्तकांकडे बोट दाखवावे. चिखल कशासाठी, याबद्दल पक्षी-अभ्यासकांचेही एकमत नाही. सुटलेला नाही असाही प्रश्न जगात असतो, हे तिसरीच्या मुलाला कळणे ही मोठी कमाई आहे.

यानंतर विणकाम. नारळाच्या किंवा शिंदीच्या पात्यांच्या बोटभर लांबीच्या नव्हेत, तर हातभर लांबीच्या बारीक पट्ट्या आदल्या रात्री ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवाव्यात. कोरड्या पट्ट्या मोडतात. उसाचे पाते सहज मिळत असले तरी त्याची कड बोट कापते, ते देऊ नये. प्रत्येक गटाला एक बारीक फांदी द्यावी आणि पक्ष्याला चोच आणि पाय एवढीच हत्यारे असतात, म्हणून एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताचा अंगठा आणि एक बोट एवढ्यानेच विणायचे, अशी अट घालावी. पक्षी आधी फांदीला एक कडे विणतो, मग त्याच्या एका बाजूला अंड्यांची खोली आणि दुसऱ्या बाजूला येण्या-जाण्याची नळी. मुलांचे कडेसुद्धा वीस मिनिटांत क्वचितच टिकते. ते सुटले म्हणून सत्र फसले, असे मुळीच नाही. खरे पाहायचे असते ते इथेच. दोन-तीन वेळा सुटले की मुले आपणहून उठून घरट्याकडे जातात आणि गाठ कशी मारली आहे, ते नाक लावून बघतात. मघाशी त्यांनी तेच घरटे बघितले होते, पण आता त्यांना नेमके काय बघायचे, ते माहीत असते. या वेळी शिक्षकाने गाठ दाखवून देऊ नये. घरटी नीटनेटकी करून प्रदर्शनात मांडण्याचा आग्रह धरला की शिक्षक स्वतःच विणायला बसतो आणि मुलांचे शिकणे थांबते.

पाते सुटता सुटता एक प्रश्न हमखास निघतो: हे विणतो कोण? बहिणाबाई चौधरींच्या खोप्याच्या कवितेत पिलासाठी झटणारी आई आहे. माहितीच्या पुस्तकात मात्र विणकर नर असतो. दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी उघडून ठेवावीत आणि फळ्यावर दोन रकाने आखावेत. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे याच पक्ष्याचे दिवसेंदिवस निरीक्षण केले, ती हकिकत इथे सांगावी. नर अर्धे घरटे विणतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीने पसंत केले की नर ते पूर्ण करतो आणि मग दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी पाहून लिहून ठेवले. मुलांना हे ऐकून बहिणाबाईंचे चुकले असे म्हणावेसे वाटते. तेव्हा थोडे थांबावे आणि कवयित्री कशाविषयी बोलत होती, पक्ष्याविषयी की आईच्या कष्टांविषयी, हा प्रश्न मोठ्या मुलांपुढे ठेवावा. एक पुस्तक निरीक्षणातून आले, दुसरे अनुभवातून. दोन्ही कशी वाचायची, हे कोणत्याही स्वाध्यायातून इतके स्वच्छ कळत नाही. हे घरटे निवडण्याचे खरे कारणही हेच आहे.

शेवटची दहा मिनिटे पुस्तके घरी न्यायची. सत्रात वापरलेली सगळी पुस्तके सतरंजीवर पसरावीत, मुलांनी निवडावीत आणि नोंदवहीत आपले नाव आपण लिहावे. कृती संपल्याबरोबर ही देवघेव झाली पाहिजे. सोमवारवर ढकलली तर उत्सुकता ओसरते.

दुसरा एक विषय महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची कला जपली आहे. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे, त्यांचा गठ्ठा म्हणजे पोथी, आणि एकेक चित्र पुढे आणत वाद्यांच्या साथीने सांगितलेली कथा, असे तिचे रूप. या कलेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ग्रंथालयात गोष्ट वाचल्यावर गटाने आठच चित्रांची पोथी करावी. आठ हा आकडा मुद्दाम: गोष्टीत वीस प्रसंग असतील तर बारा गाळावे लागतात आणि कोणते गाळायचे, यावर मुले भांडतात. ते भांडण होऊ द्यावे, कारण प्रत्येक जण आपल्या बाजूने पुस्तकाचे पान उघडून दाखवतो. आकलनाचे याहून चांगले प्रश्नपत्रक नाही. चित्रांच्या मागे मजकूर लिहू नये. सांगणाऱ्याने चित्र पाहून सांगायचे. सराव झाल्यावर ही पोथी बालवाडीच्या मुलांपुढे सादर करावी.

मुलांनी पुस्तक शिवणे हा तिसरा प्रकार, आणि सर्वांत स्वस्त. चार कोऱ्या ए-फोर कागदांची एकत्र घडी घातली की सोळा पाने मिळतात. वरून जुन्या कार्डशीटचे वेष्टण. घडीवर मध्ये एक आणि वर-खाली एकेक अशी तीन भोके पाडावीत. चौथीच्या खालच्या मुलांसाठी दाभण शिक्षकानेच चालवावे. दोरा आतून मधल्या भोकात घालून बाहेर काढायचा, थोडे टोक आत ठेवायचे. बाहेरून वरच्या भोकात शिरून आत यायचे. आतल्या बाजूने मधले भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडायचे. मग बाहेरून वर येऊन मधल्या भोकातून आत, आणि आत उरलेल्या टोकाशी गाठ. आतला लांब दोरा दोन टोकांच्या मध्ये धरून गाठ मारली की शिलाई ढिली पडत नाही. पुस्तकात काय लिहायचे, हे मुलांवर सोडावे: आजीचे औषध, बैलाची ओळख, शाळेत यायची वाट, काहीही. मात्र मुखपृष्ठ, लेखक, चित्रकार आणि वर्ष ही नोंद नीट करवून घ्यावी, छापील पुस्तक समोर ठेवून. तयार पुस्तकाला क्रमांक द्यावा, वेगळ्या नोंदवहीत चढवावे आणि बाकीच्या पुस्तकांबरोबर सुतळीवर टांगावे. शिवायला शिकलेली मुले पुढे फाटकी पुस्तके दुरुस्त करायलाही घेतात. त्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या आणि खळ द्यावी. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खराब करते.

पहिलीच्या मुलांसाठी वाचन येण्याची वाट पाहू नये. कापडी पिशव्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी, भात आणि तूर वेगवेगळी भरावी, मुलांनी न बघता हात घालून ओळखावे आणि मग शेत किंवा स्वयंपाकघर यांच्या चित्रपुस्तकात ते धान्य शोधावे. कमी दिसणारे मूल या खेळात सर्वांच्या पुढे असते. धान्याला घरी काय म्हणतात, हे आवर्जून विचारावे. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, पालघरमध्ये वारली, खानदेशात अहिराणी, अशी घरची बोली असलेल्या मुलांसाठी पुस्तकातला शब्द परका असतो. चिठ्ठीवर दोन्ही नावे लिहून ती पिशवीला बांधावी. बोलीतली गोष्ट सांगायला एखाद्या आजीला शाळेत बोलवावे, आणि ती सांगत असताना मोठ्या मुलांनी लिहून घ्यावी. शिवलेल्या पुस्तकात तिला जागा मिळते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ पासूनच्या संकेतस्थळावर अनेक भारतीय भाषांतील चित्रगोष्टी मोफत मिळतात आणि परवाना खुला असल्याने शाळेला त्या छापूनही घेता येतात.

सत्र चालू असताना शिक्षकाचे मुख्य काम प्रश्न विचारण्याचे. ‘किती सुंदर आहे ना?’ याला मुले ‘हो’ म्हणतात आणि विषय संपतो. ‘हे कशावरून म्हणतोस?’ आणि ‘पुस्तकात कुठे आहे, दाखव’ हे दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येक विषयाला चालतात. काही मुले पहिल्या दोन-तीन सत्रांत काठावर बसून नुसती बघतात. त्यांना ओढून गटात बसवू नये. पट्ट्या वाटणे, नोंदवही सांभाळणे असे काम द्यावे. आणि कोणत्याही सत्राची स्पर्धा करू नये. पहिला नंबर आला की बाकीची चार घरटी घरी जाईपर्यंत तुडवली जातात.

गुण देऊ नयेत, पण नोंदी नेमक्या ठेवाव्यात. दोन पुरेशा आहेत. एका वहीत मुलांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत, तारीख आणि नावासह उतरवावेत. पुढच्या विषयाची निवड या वहीतून होते. दुसरी नोंद देवघेवीची: सत्रानंतरच्या पंधरा दिवसांत त्या विषयाची किती पुस्तके घरी गेली आणि एरवी पुस्तक न नेणाऱ्या कोणी नेले, हे पाहावे. सत्रात धमाल झाली पण पुस्तके जागची हलली नाहीत, तर कृती आणि पुस्तक यांचा सांधा निसटला होता, असे समजून ते सत्र पुन्हा बांधावे.

वर्षभरात असे विषय महिन्याला एक यापेक्षा जास्त घेऊ नयेत. तयारीला वेळ लागतो आणि पुस्तके मुलांच्या हातांत फिरायलाही. विषयांचा क्रम ऋतूवर ठेवावा: आषाढात बी आणि माती, भाद्रपदात पाऊस मोजणे, दिवाळीनंतर घरटी, पौषात धान्य, उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी आणि विहिरी. प्रत्येक विषयाची पुस्तके, वस्तू, एका पानाची कृती आणि मुलांचे निवडक प्रश्न एकाच पत्र्याच्या पेटीत ठेवावेत, झाकणाच्या आत यादी चिकटवावी. एका केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी एकेक पेटी तयार केली तर केंद्रप्रमुखांच्या मासिक बैठकीत त्यांची अदलाबदल होऊ शकते आणि कोणत्याही एका शाळेवर वर्षाच्या सगळ्या तयारीचा भार येत नाही. पेटी देताना आणि घेताना दोन्ही शिक्षकांनी यादी मिळून तपासावी, फाटलेले पुस्तक कुणाकडे दुरुस्त होणार ते यादीवरच लिहावे, आणि पेटी वापरणाऱ्या शाळेने आपल्या मुलांचे नवे प्रश्न आतल्या वहीत जोडावेत.